पूरपट्ट्यातल्या शाळेत नवीन जॉइन होताय? माझा अनुभव

डीएड झाल्यावर माझं पहिलं पोस्टिंग पंचगंगेकाठच्या गावात, २०१९ च्या महापुरानंतर तीन महिन्यांनी. पूर गेला, भिंतीवर चिखलाची रेघ तेवढी राहिली असं मला वाटलेलं. म्हणून चौथीला निबंध दिला, 'मी अनुभवलेला महापूर'. सगळी पोरं लिहायला लागली, एक मुलगी मात्र शार्पनरमध्ये पेन्सिल फिरवत बसली, तास संपला तेव्हा पेन्सिल निम्मी आणि वही कोरी. मी ओरडले. पुढं चार दिवस ती शाळेला आलीच नाही. शेजारच्या वर्गावरच्या बाई म्हणाल्या, अगं त्यांची म्हैस दावणीलाच राहिली, सोडायला वेळच मिळाला नाही.

ट्रॉमा, म्हणजे मनावर बसलेला आघात, वगैरे शब्द मला नंतर ट्रेनिंगमध्ये कळले. भ्यालेला मेंदू सारखा धोकाच हुडकत असतो, मग पाढे डोक्यात राहत नाहीत, एखादं पोरगं उगंच मारामारी करतं, एखादं गप्पच होतं, आणि आपण रिमार्क मारतो 'लक्ष नाही'. अमेरिकेत १९९८ च्या एका मोठ्या अभ्यासात लहानपणी घरात सोसलेल्या मारहाण, हेळसांडीचा संबंध मोठेपणीच्या आजारांशी दिसला होता, म्हणजे वय वाढलं की आपोआप विसरतात हे काही खरं नाही.

२०२१ ला परत पूर आला तेव्हा शाळा कोविडमुळं बंदच होत्या. पुढच्या पावसाळ्यापासून मी एक सुरू केलं. पाऊस लागला की पोरं आल्या आल्या विचारतात, "बाई, पाणी किती फुटावर?" आधी मी गप्प बसवायची. आता पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज फळ्याच्या कोपऱ्यात लिहिते, इशारा ३९ फूट, धोका ४३ फूट, आणि खाली आज कुठल्या तासाला काय ते. एक पोरगा पावसात दप्तर पाठीवरनं काढत नाही, म्हटलं असू दे. एवढ्यानं वर्ग बराच निवळतो, खरंच, वाचन घेता येतं.

खोदून खोदून विचारू नका, आपण काय समुपदेशक नाही. छडी तर आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं बंदच आहे, पण टोमणेसुद्धा त्यातच येतात हे स्टाफरूममध्ये कुणी सांगत नाही. मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ आणि मानसिक आरोग्याच्या टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ जवळ ठेवा. लैंगिक त्रासाचं कळलं तर पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली कळवावंच लागतं, त्यामुळं "कुणाला सांगणार नाही" असा शब्द पोराला देऊ नका.

निबंधाचं म्हणाल तर आता तीन विषय देते, पुराचा एकही नसतो. तरी कोण ना कोण त्यावरच लिहितं. लिहू देते.