बेताच्या पैशांत होम थिएटर: स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर निवडताना या चुका टाळा

पाच स्पीकर, एक सबवूफर (खालच्या, घुमणाऱ्या स्वरांचा वेगळा स्पीकर) आणि अ‍ॅम्प्लिफायर असा सगळा संच घरात आल्यावरही चित्रपट पाहताना रिमोट हातातून खाली ठेवता येत नाही, ही तक्रार मी अनेक घरांत ऐकली आहे. संवाद सुरू झाले की आवाज वाढवावा लागतो आणि हाणामारी सुरू झाली की तो घाईघाईने कमी करावा लागतो. आमच्या घरीही पहिली दोन वर्षे हेच चालले होते. आईला वयोमानाने थोडे कमी ऐकू येते, त्यामुळे दोष तिच्या कानांचा आहे असे आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात आम्ही पैसे नको तिथे घातले होते आणि स्पीकर नको तिथे ठेवले होते. पैसे मोजके असतील तर ते वॉटच्या आकड्यांसाठी आणि डब्यांच्या संख्येसाठी नव्हे, तर आपल्या खोलीत माणसाचा आवाज स्पष्ट ऐकू यावा यासाठी खर्च करायला हवेत, हे आम्हाला फार उशिरा कळले.

वॉटच्या आकड्यावर विसंबणे

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला ‘५००० वॉट पीएमपीओ’ हा आकडा खरेदीच्या वेळी पूर्णपणे बाजूला ठेवावा, कारण पीएमपीओ मोजण्याची कोणतीही सर्वमान्य पद्धत नाही आणि उत्पादक तो आकडा हवा तसा फुगवू शकतो. विचारायचा तो आरएमएस, म्हणजे यंत्र सतत देऊ शकेल असा आकडा. दुकानातच एक सोपी पडताळणी करता येते. यंत्र उलटे फिरवून मागची पट्टी वाचावी. तिथे वीजवापर वॉटमध्ये लिहिलेला असतो. ही पट्टी म्हणजे ताकदीचे नेमके माप नव्हे, परंतु जे यंत्र ६० वॉट वीज घेते ते हजारो वॉटचा आवाज देणार नाही, एवढे त्यावरून निश्चित कळते.

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुळणी केलेले अ‍ॅम्प्लिफायर स्वस्तात मिळतात आणि त्यांतले काही खरोखर चांगलेही असतात. मात्र घेण्यापूर्वी आत कोणती आयसी (आवाज वाढवणारी चिप) आणि केवढा ट्रान्सफॉर्मर आहे हे विचारलेच पाहिजे. ४४४० या नावाने घरोघरी माहीत असलेली आयसी दोन चॅनेलना, म्हणजे दोन स्पीकरांच्या वेगवेगळ्या वाटांना, प्रत्येकी सुमारे ६ वॉट, किंवा दोन्ही चॅनेल जोडून सुमारे १९ वॉट देते. त्या एकाच आयसीच्या पेटीवर ‘२०० वॉट’ लिहिलेले असेल, तर ती पेटी कितीही देखणी असली तरी घेऊ नये.

नामांकित कंपन्यांच्या एव्ही रिसीव्हरबाबत (टीव्हीचा ध्वनी घेऊन सगळ्या स्पीकरांना पुरवणारा अ‍ॅम्प्लिफायर) फसवणूक नसते, पण आकडा कोणत्या अटींवर दिला आहे हे वाचावे लागते. ‘८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनेल चालू’ या अटींवर मोजलेले ७० वॉट आणि ‘६ ओहम, १ किलोहर्ट्झ, एक चॅनेल चालू, १० टक्के विकृती’ या अटींवर मोजलेले १३० वॉट हे आकडे एकाच यंत्राचे असू शकतात. पाचही चॅनेल एकाच वेळी जोरात वाजू लागले की प्रत्येकाच्या वाट्याला येणारी ताकद आणखी कमी होते. तुलना करायची असेल तर ती पहिल्या प्रकारच्या आकड्यांचीच करावी.

आता प्रश्न असा की एवढ्या वॉटची गरज तरी असते का? वॉट दुप्पट केल्याने आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो, आणि तो कानाला दुप्पट वाटण्यासाठी साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. ५० वॉटऐवजी १०० वॉटचा रिसीव्हर घेतल्यास आवाज जेमतेम जाणवण्याइतका मोठा होतो, खर्च मात्र बराच वाढतो. याउलट स्पीकरच्या माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी नावाचा एक आकडा असतो, त्याकडे बहुतेक ग्राहक पाहतच नाहीत. १ वॉट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, ते हा आकडा सांगतो. ८६ डेसिबलच्या स्पीकरऐवजी ८९ डेसिबलचा स्पीकर घेणे हे अ‍ॅम्प्लिफायरची ताकद दुप्पट करण्यासारखेच आहे. आपल्याकडची बैठकीची खोली बहुधा १० बाय १२ किंवा १० बाय १५ फुटांची असते आणि सोफा टीव्हीपासून ८ ते १० फुटांवर असतो. तेवढ्या अंतरावर ८६ डेसिबलचा स्पीकर एका वॉटमध्येदेखील घरच्या नेहमीच्या बोलण्यापेक्षा मोठा आवाज देतो. उरलेले वॉट लागतात ते क्षणभराच्या धमाक्यांसाठी, आणि त्यासाठी खरे ५० वॉट या खोलीत पुरतात.

ओहमचा, म्हणजे स्पीकरच्या विद्युतरोधाचा आकडा मात्र नजरेआड करू नये. ४ ओहमचा स्पीकर ८ ओहमच्या तुलनेत दुप्पट विद्युतप्रवाह ओढतो. जुन्या तयार संचातले छोटे स्पीकर अनेकदा ३ किंवा ४ ओहमचे असतात. ते नव्या स्वस्त रिसीव्हरला जोडले की यंत्र तापते आणि ऐन रंगात आलेल्या प्रसंगी बंद पडते. रिसीव्हरच्या मागे, स्पीकरच्या जोडण्यांजवळ किमान किती ओहम चालतील ते छापलेले असते. ते वाचूनच स्पीकर निवडावेत.

पाच लहान डबे की तीन चांगले स्पीकर

पैसे कमी असताना सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. ठरावीक रकमेत पाच स्पीकर आणि सबवूफर बसवायचा म्हटले की प्रत्येक स्पीकरच्या वाट्याला इतके थोडे पैसे येतात की हाती मुठीएवढे प्लास्टिकचे डबे लागतात. त्यांना पुरुषाच्या आवाजातला खालचा भरदारपणा पेलत नाही. तो भाग सबवूफरकडे ढकलला जातो आणि कोपऱ्यातून कोणीतरी बोलत असल्यासारखे वाटते. त्याऐवजी पहिल्या वर्षी रिसीव्हर आणि दोन चांगले बुकशेल्फ (फळीवर मावणारे) स्पीकर घ्यावेत, मग त्याच मालिकेतला सेंटर, म्हणजे टीव्हीजवळ मधोमध ठेवायचा स्पीकर, त्यानंतर सबवूफर आणि सर्वांत शेवटी मागचे दोन. हा क्रम पाळल्यास मधल्या काळातही घरात दरवेळी चांगलाच आवाज असतो आणि काहीही टाकून द्यावे लागत नाही. दहा रुपयांतले सहा-सात रुपये स्पीकर व सबवूफरवर गेले पाहिजेत, असा माझा आग्रह आहे. रिसीव्हर सात-आठ वर्षांत तंत्रज्ञानामुळे जुना होतो, चांगला स्पीकर वीस वर्षे साथ देतो.

५.१ ध्वनीत, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर यांच्यासाठीच्या ध्वनीत, बहुतांश संवाद सेंटर स्पीकरमधून येतात, म्हणून घरात कोणाला संवाद कळत नसतील तर आधी तिकडेच पाहावे. आमच्याकडचा सेंटर टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात, आत अर्धा फूट सरकवून ठेवलेला होता. सुताराने कप्पा नेमका त्याच मापाचा केला होता आणि तो तिथे शोभतही होता. आवाज कप्प्याच्या लाकडावर आपटून घुमत होता आणि स्पीकरचे तोंड सोफ्यावर बसणाऱ्याच्या गुडघ्यांकडे होते. एके दिवशी आम्ही तो ओढून फळीच्या कडेपर्यंत पुढे आणला, त्याच्या पुढच्या बाजूखाली दार अडवायची रबरी पाचर सरकवून तोंड कानांच्या दिशेने वर केले आणि कप्प्यात मागे एक जुनी गोधडी कोंबली. त्या संध्याकाळी आईने मालिका पाहताना एकदाही ‘काय म्हणाली ती?’ असे विचारले नाही. या बदलाला एक रुपयाही लागला नव्हता.

समोरचे डावे-उजवे स्पीकर बसण्याच्या जागेपासून प्रत्येकी सुमारे ३० अंशांवर, म्हणजे दोन्ही स्पीकर आणि श्रोता मिळून समभुज त्रिकोण होईल असे ठेवावेत. मागचे दोन स्पीकर प्रत्यक्षात अगदी मागे नव्हे, तर बाजूला आणि किंचित मागे, १०० ते १२० अंशांवर असतात. सोफा भिंतीला टेकलेला असेल तर ते बाजूच्या भिंतींवर, कानांपेक्षा थोडे उंच लावावेत.

सबवूफर आणि खोली

सबवूफर जितका मोठा तितका चांगला हा समज लहान खोलीत टिकत नाही. खालच्या स्वरांच्या लहरी खोलीच्या भिंतींमध्ये अडकतात आणि ठरावीक स्वर अवाजवी फुगतात. १२ फूट लांबीमुळे साधारण ४७ हर्ट्झचा आणि १० फूट रुंदीमुळे साधारण ५६ हर्ट्झचा स्वर असा फुगतो. खोली १० बाय १० ची असेल आणि छतही १० फुटांवर असेल, तर तिन्ही दिशांचा फुगवटा एकाच ५६ हर्ट्झवर येऊन बसतो, आणि मग कोणतेही गाणे लावले तरी एकच ‘घूं’ ऐकू येतो. चांगल्या रीतीने बसलेल्या सबवूफरवर गणपतीच्या मिरवणुकीतल्या ढोलाचा प्रत्येक ठोका सुटा ऐकू यायला हवा. तो ऐकू येत नसेल तर सबवूफर बदलण्याआधी त्याची जागा बदलून पाहावी.

त्यासाठी एक खात्रीची युक्ती आहे. सबवूफर काही वेळ सोफ्यावर, आपण बसतो त्याच जागी ठेवावा, खालच्या स्वरांचे एखादे ओळखीचे गाणे लावावे आणि स्वतः गुडघ्यांवर बसून, कान जमिनीजवळ ठेवून, भिंतीकडेने सावकाश फिरावे. ज्या जागी ते स्वर भरीव पण सुटसुटीत ऐकू येतात, तीच सबवूफरची जागा. कोपऱ्यात आवाज सर्वांत मोठा मिळतो, परंतु सर्वांत स्वच्छ क्वचितच मिळतो. रिसीव्हरमध्ये सगळे स्पीकर ‘स्मॉल’ ठेवून क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचे स्वर सबवूफरकडे जातात ती सीमा, ८० हर्ट्झवर ठेवावा आणि सबवूफरवरचे क्रॉसओव्हरचे बटण पूर्ण वर फिरवावे. दोन्हीकडे गाळणी लावल्यास मधले स्वर गळून जातात.

परदेशातून आणलेले यंत्र

अमेरिकेतला भाऊ किंवा मुलगी सुट्टीत येताना तिथला स्वस्त रिसीव्हर घेऊन येते, हे अनेक मराठी घरांत घडते. तिकडची बरीच यंत्रे केवळ १२० व्होल्टवर चालतात आणि आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये घातल्याक्षणी जळतात. योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेतला तरी इथे वॉरंटी मिळेलच असे नाही. मागच्या पट्टीवरचा व्होल्टचा आकडा फोटो मागवून आधीच पाहून घ्यावा.

सगळे जोडूनही बिघाड वाटत असेल तर

फक्त समोरचे दोनच स्पीकर वाजत असतील, तर बहुधा दोष टीव्हीच्या सेटिंगमध्ये असतो. टीव्ही आणि रिसीव्हर यांना जोडणारी एचडीएमआय केबल दोन्ही बाजूंना ‘एआरसी’ (टीव्हीचा ध्वनी रिसीव्हरकडे परत नेणारी सोय) लिहिलेल्या जोडणीतच असायला हवी, आणि टीव्हीतील डिजिटल ध्वनीचे सेटिंग ‘पीसीएम’ऐवजी ‘ऑटो’, ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘पास-थ्रू’वर असायला हवे. ऑप्टिकल केबलने साधा ५.१ ध्वनी मिळतो, परंतु ओटीटीवरील अ‍ॅटमॉस (वरूनही आवाज आल्याचा भास देणारा) ध्वनी तिच्यातून येत नाही.

आवाज पोकळ वाटतो आणि गायक नेमका मध्यभागी ऐकू येत नाही, अशा वेळी एखाद्या स्पीकरची लाल आणि काळी वायर उलटी लागलेली असते. यंत्र सुरू होताच बंद पडत असेल, तर प्लग काढून मागच्या जोडण्यांवर टॉर्च मारून पाहावे. आमच्या एका शेजाऱ्यांचा रिसीव्हर दुरुस्तीला न्यायचे ठरले होते. टॉर्चच्या उजेडात लाल जोडणीतून सुटलेली केसाएवढी एक तार काळ्या जोडणीला टेकलेली दिसली. वायर सोलल्यावर तारांना घट्ट पीळ द्यायचा आणि एकही तार बाहेर राहू द्यायची नाही, एवढी काळजी पुरते. वायरही महाग लागत नाही: घरगुती वायरिंगची १.५ चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची वायर १० मीटरपर्यंत उत्तम चालते. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर मात्र टाळावी.

सतत बारीक गुणगुण ऐकू येत असेल तर सेट-टॉप बॉक्सची गोल केबल काढून पाहावी. गुणगुण थांबली तर दोष अर्थिंगच्या फेऱ्याचा (ग्राउंड लूप), म्हणजे यंत्रे दोन वाटांनी अर्थिंगला जोडली गेल्याचा असतो आणि त्या केबलसाठीचा ग्राउंड लूप आयसोलेटर लावून तो जातो. यंत्राची अर्थिंगची पिन तोडणे हा त्यावरचा उपाय नव्हे, त्यात जिवाला धोका आहे.

शेवटी रिसीव्हरसोबत आलेला, खोलीतला आवाज मोजून स्पीकर जुळवून घेण्यासाठीचा माइक. तो हातात धरून किंवा सोफ्याच्या पाठीवर ठेवून मोजमाप करू नये. कॅमेऱ्याच्या तिकाटण्यावर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर लावावा आणि पंखा बंद ठेवावा. मोजमाप झाल्यावर घरात वडीलधारी माणसे असतील तर सेंटरची पातळी २ ते ३ डेसिबलने वाढवावी. रात्री रिसीव्हरमधला ‘नाइट मोड’ किंवा ‘डायनॅमिक रेंज’ कमी करणारा पर्याय सुरू केल्यास धमाके खाली येतात आणि कुजबुज वर येते. आमच्याकडे तो रात्री दहानंतर नेहमी सुरू असतो, आणि रिमोट टीपॉयवरच पडून राहतो.