घोड्याचा आहार: आधी गवत, मग चंदी

घोडा बारीक दिसला की हात आधी हरभऱ्याच्या पोत्याकडे जातो, आणि चूक तिथेच होते. घोड्याचं जठर लहान, जेमतेम 8 ते 15 लिटरचं. उलटी त्याला करता येत नाही. त्याची बरीचशी ताकद मागच्या मोठ्या आतड्यात गवत आंबून तयार होते. म्हणून दिवसभर थोडं थोडं गवत हाच त्याचा आहार, चंदी म्हणजे दाण्याचा खुराक कामापुरता.

आधी वजन काढा. तंग (खोगिराचा पट्टा) बसतो तिथून छातीचा घेर मोजा, मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या (मागच्या मांसल भागाच्या) टोकापर्यंत लांबी, दोन्ही सेंटीमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880. घेर 155 आणि लांबी 148 असेल तर घोडा साधारण 300 किलोचा.

अशा घोड्याला रोज 6 किलो वाळलं गवत लागतं; 4.5 किलोच्या खाली कधीच जाऊ नका. हलकं काम असेल तर 1 किलो ओट किंवा भरडलेले जव आणि अर्धा किलो हरभरा, दोन-तीन वेळांत वाटून. हरभरा 6 ते 8 तास भिजवा. उन्हाळ्यात पाण्याला आंबूस वास आला तर तो फेकून द्या. तोबरा (तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी) बांधण्याआधी गवत खाऊ द्या. एकदम जास्त दाणा घातला तर पिठूळ भाग न पचता मोठ्या आतड्यात उतरतो, तिथे आम्ल वाढतं, आणि पोटशूळ किंवा खुरांचा दाह होतो. खूर गरम लागले, घोडा पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभा राहिला, तर लगेच डॉक्टर बोलवा.

गव्हाच्या कोंड्याबद्दल जरा जास्त सांगायला हवं, कारण स्वस्त म्हणून तोच भरपूर घातला जातो. त्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कित्येक पट असतो. रोज पाटीभर कोंडा गेला तर शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढतं; जबड्याची हाडं फुगतात, घोडा लंगडतो. कोंडा मूठ-दोन मूठच ठेवा आणि सोबत 3 किलो हिरवा लसूणघास द्या. उसाचे वाढे आणि हत्तीगवत यांवर घोडा पोसू नका. त्यांतलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं. सुबाभळीने आयाळ आणि शेपटीचे केस गळतात. बुरशीचा वास येणारा कडबा अजिबात नको. गाईम्हशींचं पशुखाद्यही नको: काहींत मोनेन्सिन नावाचं औषध असतं, घोड्याला ते जीवघेणं आहे.

खडे मीठ रोज 30 ग्रॅम. पाणी 20 ते 25 लिटर. उन्हात काम असेल तर दुपटीपर्यंत, आणि तेही समोर कायम भरलेलं. पाणी कमी पडलं की लीद कोरडी, लहान गोळ्यांची होते. पोट अडकण्याची ती पहिली खूण.

चारा किंवा दाणा बदलायचा असेल तर 10 ते 14 दिवस घ्या, जुन्यात नवा थोडा थोडा मिसळत.

माथेरान, महाबळेश्वरसारख्या ठिकाणी पावसात काम मंदावतं किंवा थांबतं. तेव्हा चंदी निम्म्याहून कमी करा, गवत तेवढंच ठेवा. पूर्ण चंदी खाऊन बसून राहिलेला घोडा पुन्हा जुंपला की मागचे पुठ्ठे दगडासारखे घट्ट होतात, लघवी कॉफीच्या रंगाची येते. असं दिसलं तर एक पाऊलही चालवू नका. जागेवरच पाणी द्या आणि डॉक्टरला तिथे बोलवा.