लांबलचक अ‍ॅनिमेटेड कॉमेडी लिहिताय? या चुका टाळा

नवा लेखक आला की पहिल्याच बैठकीत म्हणतो, "कार्टून तर आहे, कोण एवढं लक्षात ठेवतंय?" प्रेक्षक ठेवतात. विसरतो तो आपणच.

सगळ्यात डोकं उठवणारी चूक म्हणजे एका भागाच्या गमतीपायी पात्राचा भूतकाळ बदलणं. आमच्या मालिकेत शेजारचे काका पाण्याला इतके घाबरायचे की बादलीत डोकावतानाही भिंत धरायचे. ऐंशीएक भागांनंतर एका उत्साही पोराने त्यांना निवृत्त नौसैनिक केलं. वाचनाला सगळे खो खो हसले, मीही हसलो. रेकॉर्डिंगच्या दिवशी काकांना आवाज देणाऱ्या नटाने कागद खाली ठेवला आणि विचारलं, "अरे, मी बादलीला घाबरतो ना?" कुणी बोलेना. शेवटी घाईघाईत एक वाक्य चिकटवलं: जहाज बुडालं तेव्हापासून भीती बसली. महिन्याभराने कुणीतरी जुना भाग काढला. त्यात पाच वर्षांचे काका डबक्याकडे बघून भोकाड पसरत होते! ठिगळालाच भोक.

मोठ्यांनीही हेच केलंय. 'द सिम्पसन्स' या अमेरिकी कार्टून मालिकेत 1997 साली मुख्याध्यापक स्किनर तोतया निघाला, आणि शेवटी न्यायाधीशाने हुकूम सोडला की हा विषय पुन्हा काढायचा नाही. विनोद म्हणून ठीक. पण स्किनरला आवाज देणारे हॅरी शिअरर यांनीच त्या कथेवर जाहीर टीका केली. प्रत्येक मालिकेला असा न्यायाधीश परवडत नाही.

माझा उपाय जुनाट आहे: वही. प्रत्येक पात्राला दोन पानं, आणि त्यात तो काय करतो यापेक्षा काय कधीच करणार नाही, ते आधी लिहायचं. नवी पोरं म्हणतात, फाइलमध्ये शोधता येतं की. शोधता येतं, पण शंका आली तर! वही चाळताना नको ते पानही नजरेखालून जातं.

सालं लिहू नका. 'सिम्पसन्स'मधला पोरगा बार्ट 1989 पासून दहा वर्षांचाच आहे, त्यामुळे 1974 साली शाळेत असलेल्या त्याच्या आईबापांचं तारुण्य पुढे नव्वदच्या दशकात ढकलावं लागलं.

दुसरी माझी दुखरी नस: पात्राचा एकच गुण फुगवत नेणं. 'सिम्पसन्स'मधलाच नेड फ्लँडर्स आधी हेवा वाटावा असा भला शेजारी होता, देवभोळेपणा त्यातला एक भाग. मग तेवढाच उरला, आणि या रोगाला 'फ्लँडरायझेशन' हे नावच पडलं. पात्राच्या तकियाकलामावर, म्हणजे सारख्या तोंडी असलेल्या वाक्यावर, हशा हमखास मिळतो, म्हणून आळशी लेखक तिथेच मुक्काम ठोकतो. मी दर तिसऱ्या भागात तो सरळ कापतो. पात्र त्याशिवाय बोलूच शकत नसेल, तर ते कधीच मेलंय.

पात्राला नोकरीवरून काढलंत, तर पुढच्या भागात ते परत कामावर का, हे निदान एका वाक्यात उडवून लावा.

आणि आमच्या मालिकेतल्या घरातला तो कुत्रा. तिसऱ्या सीझननंतर त्याला कुणी जेवायला घातलेलं नाही.