न्यूझीलंडला नवीन आलात? एक जुना गोल्फ सेट घेऊन टाका

नवीन आलेली मंडळी विचारतात, वीकेंडला करायचं काय, ओळखी कुठे होणार? माझं उत्तर ठरलेलं, गोल्फ. समोरचा हसतोच, कारण आपल्या डोक्यात गोल्फ म्हणजे बड्या साहेबांचा खेळ, लाखांची मेंबरशिप आणि वर्षानुवर्षं वेटिंग. अहो, इथे तसं नाहीये. 50 लाखांच्या आसपास वस्ती आणि कोर्स जवळपास 400, त्यामुळे जरा बरं गाव आलं की रग्बीचं ग्राउंड आणि गोल्फ कोर्स बहुतेक असतोच.

गावाकडच्या क्लबात कित्येकदा काउंटरवर कोणी नसतं. दाराशी पैशांची पेटी आणि पाकिटं ठेवलेली, त्यात 20-30 डॉलर घालायचे, नाव लिहायचं आणि निघायचं खेळायला. कोणी बघत नाही म्हणून फुकट खेळू नका प्लीज, गावातले रिटायर्ड लोक स्वतः राबून तो क्लब चालवतात. काही ठिकाणी तर गवताचं काम मेंढ्यांकडे, त्या फेअरवेवर, म्हणजे खेळायच्या लांब गवताळ पट्ट्यावर, चरतात आणि ग्रीनभोवती, म्हणजे होल असतो त्या बारीक गवताच्या भागाभोवती, तारेचं कुंपण. तारेला बॉल लागला तर काय करायचं ते स्कोअरकार्डच्या मागे छापलेलं असतं, ते आधी वाचा.

आता जमिनीबद्दल, कारण इथे दोन-तीन तास गाडी चालवली की खेळच बदलतो. वेलिंग्टनच्या उत्तरेला पारापराउमू बीच, समुद्राकाठच्या वाळूच्या उंचवट्यांवरचा कोर्स, ज्याला लिंक्स म्हणतात, तो अस्सल, 2002 ची न्यूझीलंड ओपन टायगर वुड्स इथेच खेळला. तिथे खरा शत्रू वारा, बॉल उंच मारलात की गेलाच कुठेतरी, जमिनीलगत ठेवून घरंगळत न्यायचा. रोटोरुआच्या आरिकिकापाकापाला कोर्सवरच वाफा आणि उकळता चिखल, वर गंधकाचा वास. बॉल तिकडे गेला तर सोडून द्या, आणायला जायचं नाही म्हणजे नाही, वरून घट्ट दिसणारी जमीनसुद्धा दगा देते. सेंट्रल ओटागोत पाऊस कमी, उन्हाळ्यात जमीन टणक, बॉल पडला की पळतच सुटतो. आणि हो, हॉक्स बेच्या कड्यावरचा केप किडनॅपर्स कोर्स, ज्याचे फोटो सगळे फॉरवर्ड करतात, तिथली फी कित्येकशे डॉलर आहे, पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका.

सामान नवीन अजिबात घेऊ नका, ट्रेड मी या इथल्या खरेदी-विक्रीच्या साइटवर जुना सेट आणि ट्रंडलर (बॅग ओढायची चाकांची गाडी) मिळतो. कॅडी-बिडी विसरा, बॅग आपली आपणच ओढायची. टोपी आणि सनस्क्रीन मात्र हवंच, हवा गार लागते पण इथलं ऊन भाजून काढतं. डिसेंबर-जानेवारीत नऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा ऑफिस सुटल्यावर ट्वायलाइटचे, म्हणजे संध्याकाळचे, 9 होल (अर्धा राउंड) खेळायला जा, नवख्यांना तेच सोपं जातं. स्कोअर कितीही वाईट आला तरी कोणाला काही पडलेलं नसतं, पण हळू खेळलात, बंकरमधली, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातली, वाळू रेकने सारखी केली नाहीत किंवा मागच्यांना पुढे जाऊ दिलं नाहीत तर चेहरे बदलतात. खेळून झालं की लगेच गाडी काढू नका, बारमध्ये थांबा, ओळखी तिथेच होतात. इथली गोल्फर लिडिया को, तिचं ऑलिंपिक गोल्ड काढलंत की गप्पा आपोआप चालू. बक्षीस म्हणून बरेचदा मटणाचा नाहीतर सॉसेजचा पॅक मिळतो, शाकाहारी असाल तर आधीच सांगून ठेवा, त्याऐवजी बॉल देतात.