व्यायामासाठी ४५ मिनिटांचा टेक्नो मिक्स कसा बांधावा

जिममध्ये वाजणाऱ्या बहुतेक तयार प्लेलिस्टची एकच खोड असते: पहिल्या मिनिटापासून सगळं टिपेला. वॉर्म-अप चालू असतानाच ड्रॉप (थांबलेला ठेका पूर्ण जोरात परत येतो ती जागा) येऊन जातो, आणि पाय खरोखर भरून येतात तेव्हा नेमका ठेका थांबून दीड मिनिट नुसता सिंथेसायझर घोंगावत राहतो. दोष गाण्यांचा नाही. टेक्नो डान्स फ्लोअरसाठी घडलं. १९८०च्या दशकाच्या मध्यावर डेट्रॉइटमध्ये हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन यांनी त्याला आकार दिला आणि भिंत पडल्यानंतरच्या बर्लिनने ते उचलून धरलं. डीजेला एक ट्रॅक दुसऱ्यात मिसळता यावा म्हणून ट्रॅकच्या दोन्ही टोकांना नुसत्या ठेक्याची मोकळी जागा ठेवायची रीत पडली. याच मोकळ्या जागेचा फायदा घेऊन आपल्या व्यायामाच्या मापाचा मिक्स घरी बांधता येतो.

लागणारं सामान

लॅपटॉप, वायरचा हेडफोन, १० ते ११ ट्रॅक आणि ‘मिक्स’ नावाचं मोफत, ओपन-सोर्स डीजे सॉफ्टवेअर (स्पेलिंगमध्ये शेवटी तीन एक्स येतात). कंट्रोलर नसला तरी चालतो, माउस आणि कीबोर्डवर सगळं होतं.

हेडफोन वायरचाच हवा. ब्लूटूथमध्ये आवाज सेकंदाच्या दहाव्या भागापासून चौथ्या भागापर्यंत उशिरा पोचतो. १३० बीपीएमला (मिनिटाला १३० ठोके) एक बीट ०.४६ सेकंदाचा असतो, म्हणजे अर्धा बीट वाटेतच हरवू शकतो आणि ठोके कानाने जुळवणं अशक्य होतं.

ट्रॅक बँडकॅम्प किंवा बीटपोर्टसारख्या ठिकाणी विकत घ्या, किमान ३२० केबीपीएस एमपी३. स्ट्रीमिंग अ‍ॅपमध्ये ‘डाउनलोड’ केलेली गाणी या सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाहीत. एक ट्रॅक साधारण ६-७ मिनिटांचा असतो. दोन्ही टोकांचं मिसळणं वजा केलं की हाती साडेचार मिनिटं उरतात, म्हणून ४५ मिनिटांना दहा-अकरा ट्रॅक.

पायरी १: आधी मोजायला शिका

टेक्नोत प्रत्येक बीटवर किक ड्रम, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा धप्प आवाज, पडतो. चार बीटचा एक बार आणि आठ बारचा, म्हणजे ३२ बीटचा, एक फ्रेज. तीनतालाची दोन आवर्तनं समजा, फक्त इथे खाली नाही. नवीन हाय-हॅट (झांजेचा ‘चिक’ आवाज), क्लॅप, बेसलाइन असं जे काही आत येतं किंवा बाहेर पडतं, ते जवळजवळ नेहमी फ्रेजच्या समेवर. पुढची प्रत्येक पायरी ही सम ओळखण्यावर उभी आहे, त्यामुळे तीन-चार ट्रॅक घेऊन बोटांवर ३२ मोजत बसायचा कंटाळा करू नका.

आता एक सोयीचा आकडा: १२८ बीपीएम. या वेगाला ३२ बीट म्हणजे बरोबर १५ सेकंद आणि १६ बार म्हणजे बरोबर ३० सेकंद. ‘३० सेकंद जोर, १५ सेकंद दम’ हा इंटरव्हलचा प्रकार त्यात एका बीटचीही ओढाताण न होता बसतो. १४० बीपीएमला तेच १६ बार २७.४ सेकंदांत संपतात आणि घड्याळ व गाणं दोन दिशांना पळतात. टाबाटा या इंटरव्हल प्रकाराचं २० सेकंद जोर, १० सेकंद दम हे माप १२८ला बसत नाही. १४४ला ४८ आणि २४ बीट असा पूर्ण हिशेब लागतो, पण तो ३२च्या फ्रेजशी जुळत नाही.

पायरी २: ट्रॅक निवडा, आणि बरेचसे बाजूला काढा

वेगावरून निवड करू नका. ब्रुनेल विद्यापीठातले कॉस्टास कारागिऑर्गिस अनेक वर्षं व्यायाम आणि संगीत यांच्या नात्याचा अभ्यास करत आहेत. त्यांच्या कामातून दमदार व्यायामाला १२० ते १४० बीपीएमचा पट्टा पुढे येतो, त्यावर वेग चढवून फारसं काही हाती लागत नाही. १५५चा ट्रॅक ऐकायला जोरकस वाटतो, पण स्क्वॉट काही त्या वेगाने होत नाहीत. अंगात जोर येतो तो थर एकावर एक चढण्यातून आणि किक काढून घेऊन पुन्हा देण्यातून.

ट्रॅक ठेवण्यापूर्वी तीन गोष्टी पाहा. सुरुवातीला किमान ३२ बार (१२८ला एक मिनिट) नुसता ठेका आहे का? किकशिवायचा सलग भाग ३० सेकंदांपेक्षा लांब तर नाही? आणि मध्येच कुणी बोलत किंवा गात तर नाही? दोन ट्रॅक मिसळताना दोन आवाज एकमेकांवर चढले की ते लपवता येत नाही. मोठ्या महोत्सवांसाठी बनलेले ट्रॅक बहुधा दुसऱ्या कसोटीवर गळतात. एखादा फारच आवडला असेल, तर ब्रेकडाउनच्या (किक थांबते त्या भागाच्या) समेवर क्यू, म्हणजे खूण, लावून बीट-जंपने ६४ किंवा १२८ बीट पुढे उडी मारा.

इंटरव्हलसाठी डेट्रॉइटच्या रॉबर्ट हूडच्या वळणाचा मिनिमल टेक्नो शोधा: कमी थर, न थांबणारी किक. शेवटच्या पाच मिनिटांना बेसिक चॅनल या बर्लिनच्या जोडीच्या जातीचा, प्रतिध्वनीत बुडालेला डब टेक्नो शोभतो. मधल्या चढाला तुम्हाला आवडेल ते.

पायरी ३: बीपीएम तपासा

ट्रॅक लायब्ररीत घेऊन अ‍ॅनालाइझ करा. आलेला आकडा डोळे झाकून मानू नका, ठेका गुंतागुंतीचा असला की १३२चा ट्रॅक ६६ किंवा ८८ दाखवू शकतो. ट्रॅकवर राइट-क्लिक करून बीपीएम दुप्पट किंवा दीडपट करायचे पर्याय मिळतात.

जास्त फसवी चूक वेगळी आहे. आकडा बरोबर असतो, पण बीटग्रिडच्या (सॉफ्टवेअर बीट दाखवायला आखतं त्या) रेघा किकवर न बसता दोन किकच्या मधल्या हाय-हॅटवर बसतात. मग सिंक (दोन ट्रॅकचे ठोके आपोआप जुळवणारं बटण) दाबलं की एकाची किक दुसऱ्याच्या हॅटवर पडते आणि घोडा दौडल्यासारखा आवाज येतो. वेव्हफॉर्म मोठा करा, पहिल्या किकच्या उभ्या कड्यावर रेघ आणा आणि बीपीएम लॉक करा. जुन्या रेकॉर्डवरून उतरवलेल्या ट्रॅकमध्ये वेग थोडा हलत असतो. दोन मिनिटांनी रेघा किकवरून सरकलेल्या दिसल्या तर तो ट्रॅक सोडून द्या.

पायरी ४: वेगाचा आराखडा

- ०–६ मिनिटं: १२२–१२४. सांधे मोकळे करणं, जागच्या जागी चालणं.
- ६–१२: १२६, मग १२८.
- १२–१८: पहिला इंटरव्हल, १२८ कायम.
- १८–२०: दम. वेग तोच, थर कमी.
- २०–२६: दुसरा इंटरव्हल, १२८ कायम.
- २६–३७: सलग भाग, १३२ पासून १३८ पर्यंत.
- ३७–४०: १२४.
- ४०–४५: किक नसलेलं किंवा अगदी मऊ किकचं संगीत, स्ट्रेचिंगला.

१३२ ते १३८चा चढ एका उडीत नको. दर फ्रेजला अर्धा बीपीएम वाढवलात तर तीन मिनिटांत तिथे पोचाल आणि कुणाच्या ध्यानातही येणार नाही. की-लॉक (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) चालू ठेवा, नाहीतर वेग ६ टक्के बदलला की सूर पुरा अर्धा स्वर सरकतो. की-लॉकलाही मर्यादा आहे: मूळ वेगापासून ४-५ टक्क्यांपलीकडे ताणलं की किकची धार बोथट होते.

उतरताना मात्र ठोके जुळवायचा हट्ट नको. १३८ वरून १२४ म्हणजे दहा टक्क्यांची घट. वाजता ट्रॅक इको इफेक्टवर सोडून विरू द्या आणि पुढचा किकशिवायच्या सुरुवातीपासून लावा.

सायकलवाल्यांचं गणित सोपं आहे. एका बीटला एक पाय खाली, म्हणजे १४० बीपीएमला ७० आरपीएम (मिनिटाला पेडलचे ७० फेरे). पळणाऱ्यांनी ३० सेकंदांत उजवा पाय किती वेळा पडतो ते मोजून त्याला चारने गुणावं. आकडा १६०च्या आसपास आला, तर जर्मनीतला ‘श्रान्त्झ’ नावाचा कडक, वेगवान टेक्नो जुळेल. तो रोज ऐकवत नसेल तर पावलं जुळवायचा नाद सोडून १३५वर पळा, बिघडत काही नाही.

पायरी ५: इंटरव्हल कोरा

एक फेरी म्हणजे १६ बार जोर आणि ८ बार दम. आठ फेऱ्या म्हणजे १९२ बार, बरोबर ६ मिनिटं. अडचण अशी, की ट्रॅक १६ आणि ३२ बारच्या टप्प्यांत रचलेले असतात आणि आपली फेरी २४ची आहे. ट्रॅक सरळ वाजू दिला तर त्याचा ब्रेकडाउन तुमच्या बर्पीच्या मधोमध येऊन पडेल.

म्हणून ट्रॅकमधला सर्वांत भरलेला १६ बारचा तुकडा शोधून ६४ बीटचा लूप लावा. क्वांटाइझ (खुणा जवळच्या बीटवर ओढणारी सोय) चालू असेल तर लूप ग्रिडवरच बसतो. जोराच्या १६ बारला सगळं मोकळं ठेवा. दमाच्या ८ बारला इक्वलायझरचा लो नॉब (बेस कमी-जास्त करणारा) पूर्ण खाली, आणि नवव्या बारच्या समेवर झटक्यात वर. किक परत आली की शरीर आपोआप उठतं. शिट्टी, टायमर किंवा ‘चला, पुढचा सेट’ अशी ओरड, काहीच लागत नाही. तोच लूप आठ फेऱ्या ऐकवला तर मात्र लोक वैतागतील, चौथ्या फेरीनंतर दुसरा ट्रॅक आणा.

पायरी ६: जोड

येणाऱ्या ट्रॅकचा लो आधीच खाली घ्या. सिंक दाबा आणि जाणाऱ्या ट्रॅकच्या फ्रेजच्या समेवर तो सुरू करा. ३२ बार दोन्ही सोबत चालू देत हळूहळू आवाज वाढवा. मग एका समेवर जुन्याचा लो खाली, नव्याचा लो वर, दोन्ही एकाच वेळी. दोन किक एकत्र वाजू दिल्या तर खालचा आवाज सहा डेसिबलपर्यंत वाढून फाटतो, आणि त्या किंचित मागेपुढे असतील तर एकमेकींना खाऊन पोकळ होतात. नवशिक्यांचे बहुतेक जोड इथेच बिघडतात.

पायरी ७: रेकॉर्डिंग

मास्टर मीटर लाल दिव्याला शिवता कामा नये, शिखर -६ डेसिबलच्या आसपास राहू द्या. डब्ल्यूएव्हीमध्ये रेकॉर्ड करा. ४५ मिनिटांची फाइल सुमारे ४७५ एमबी होते, ३२० केबीपीएस एमपी३ केल्यावर १०८ एमबी उरते. रेकॉर्डिंग ऐकताना खुर्चीत बसू नका, तोच व्यायाम करत ऐका. दमाचे ८ बार कमी पडताहेत हे खुर्चीत कळत नाही.

वाजवताना

टेक्नोच्या किकचा गाभा ५०-६० हर्ट्झला असतो. फोनच्या स्पीकरवर त्यातली फक्त टिकटिक उरते. दहा-पंधरा जणांच्या वर्गाला १० किंवा १२ इंची वूफरचा एक पॉवर्ड स्पीकर पुरतो. तो जमिनीवर न ठेवता स्टँडवर ठेवा, नाहीतर बेस स्लॅबमधून थेट खालच्या मजल्यावर उतरतो. मोकळ्या जागेत रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला मनाई आहे, हे गच्चीवर वर्ग घेणाऱ्यांनी विसरू नये.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८९ डेसिबलला आठवड्याचे ५ तास. आठवड्याला सहा वर्ग करणाऱ्याचं भागतं, पण दिवसाला तीन वर्ग घेणाऱ्या प्रशिक्षकाने इअरप्लग लावावेत किंवा आवाज ८५च्या आत ठेवावा.

नाचासाठी हवा असेल तर

हाच मिक्स पार्टीत लावू नका. नाचणाऱ्यांना लांब ब्रेकडाउन हवाच असतो, त्यात ते श्वास घेतात, हात वर करतात, पाणी पितात. इंटरव्हल काढून टाका, लूपऐवजी पूर्ण ट्रॅक वाजू द्या आणि १२४ ते १३४चा चढ दीड तासावर पसरा.

फोनवर फाइल टाकल्यावर प्लेअरमधलं व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन आणि बेस बूस्ट बंद करा, आणि वर्गाच्या वेळी फोन एअरप्लेन मोडवर ठेवून ब्लूटूथ तेवढं पुन्हा चालू करा. नाहीतर सातव्या फेरीत किक परत येण्याऐवजी कुणाचा तरी फोन येतो.