‘डिस्क फॉरमॅट करायची का?’: जुन्या फ्लॉपीबाबत या चुका टाळा

माळ्यावरच्या खोक्यात किंवा रविवारी जुन्या बाजारात फ्लॉप्या सापडतात. यूएसबीने जोडायच्या फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातल्या की विंडोज विचारतं, डिस्क फॉरमॅट करायची का? इथे कधीही ‘हो’ म्हणू नका, डिस्क पुसली जाईल. डिस्क शाबूत असू शकते. तिच्यावरचं एनकोडिंग, म्हणजे माहिती चुंबकी खुणांत लिहिण्याची पद्धत, तुमच्या ड्राइव्हला कळत नसेल, एवढंच.

ड्राइव्हच्या हेडला, म्हणजे डिस्क वाचणाऱ्या भागाला, 0 आणि 1 दिसतच नाहीत. चुंबकत्वाची दिशा कुठे बदलली, एवढंच त्याला कळतं. दोन बदलांमध्ये किती वेळ गेला यावरून कंट्रोलर, म्हणजे ड्राइव्ह चालवणारी चिप, बिट (0 किंवा 1) काढतो. पीसीच्या 720 केबी फ्लॉपीवर एमएफएम नावाच्या एनकोडिंगमध्ये हा वेळ 4, 6 किंवा 8 मायक्रोसेकंद असतो. ॲपल टू आणि कमोडोर 64 हे जुने संगणक जीसीआर ही निराळी पद्धत वापरत. कमोडोरच्या 1541 ड्राइव्हवर बाहेरच्या ट्रॅकमध्ये (चकतीवरच्या गोल पट्ट्यात) 21 सेक्टर (पट्ट्याचे तुकडे), अगदी आतल्यात 17. मॅकचा 800 केबी ड्राइव्ह तर ट्रॅकनुसार फिरण्याचा वेगच बदलतो. अमिगा संगणकाचं एमएफएमच, पण ट्रॅकवर 11 सेक्टर आणि मांडणी निराळी. 1984 पासून आपल्याकडच्या शाळांत आलेल्या बीबीसी मायक्रो या संगणकाच्या डिस्क बहुधा एफएम या तिसऱ्या पद्धतीत.

यूएसबी ड्राइव्हला फक्त पीसीच्या डिस्क कळतात, म्हणून अशा डिस्कसाठी आणखी एक यूएसबी ड्राइव्ह विकत घेणं म्हणजे पैसे वाया. संगणकाच्या आत बसवायचा साधा जुना फ्लॉपी ड्राइव्ह मिळवा आणि त्याला ग्रीसविझलसारखं, त्याला संगणकाशी जोडणारं छोटं सर्किट बोर्ड जोडा. ते बिटचा अर्थ लावत बसत नाही, बदलांच्या वेळाच नोंदवतं. उलगडा नंतर सॉफ्टवेअरमध्ये करता येतो.

सव्वापाच इंची 360 केबीच्या डिस्कवर 1.2 एमबीच्या ड्राइव्हने लिहू नका, नुसतं वाचा. त्याचं हेड अरुंद, त्यामुळे जुन्या मजकुराची कड पुसली जात नाही आणि मूळ 360 केबीचा ड्राइव्ह जुनं-नवं दोन्ही एकदम वाचून गोंधळतो. वाचण्याआधी राइट-प्रोटेक्टही करा, म्हणजे चुकून काही लिहिलं जाणार नाही: सव्वापाच इंचीवर खाच चिकटपट्टीने झाका, साडेतीन इंचीवर उलट, भोक उघडं ठेवा.

पुण्याच्या पावसाळ्यात फ्लॉपीला बुरशी धरते. शटर सरकवून चकती हाताने फिरवत उजेडात बघा. पांढुरके ठिपके दिसले तर ड्राइव्हमध्ये घालू नका. बुरशी हेडला चिकटते आणि पुढच्या चांगल्या डिस्कवरही चरे पाडते. ड्राइव्ह किंचाळला तर लगेच डिस्क काढा, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

फाइल निघाली, पण मराठी मजकूर अगम्य चिन्हांत दिसतोय? डिस्कला दोष देऊ नका. तो युनिकोडच्या आधीचा असेल: इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतप्रणालीतला किंवा सी-डॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएम सॉफ्टवेअरच्या फॉन्टमधला. कन्व्हर्टरने बदलून घ्या, मूळ फाइल मात्र तशीच जपा.