कोकण किनाऱ्यावर डॉल्फिन, भुलगा आणि देवमासा कसा ओळखावा, कसा नोंदवावा

पावसाळा सोडून, ऑक्टोबर ते मे या काळात सकाळी साधारण साडेसहा ते दहा ही वेळ धरा. मतलई वारा मंदावलेला असतो, खारा वारा अजून उठलेला नसतो आणि पाणी तेलासारखं पडून असतं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आणखी एक फायदा म्हणजे सकाळचं ऊन पाठीशी राहतं. संध्याकाळी तेच डोळ्यांवर येतं आणि चमचमत्या पाण्यात निम्मे प्राणी हुकतात. लाटांची टोकं पांढरी फुटू लागली की त्या दिवशी भुलगा (डॉल्फिनसारखाच, पण पाठीवर पर नसलेला छोटा प्राणी) शोधायचा नाद सोडा. तेवढ्या खळबळीत तो दिसत नाही.

बसायला उंच जागा हवी. वाळूवर उभ्या माणसाचं क्षितिज पाचेक किलोमीटरवर संपतं, २५ मीटर उंच कड्यावरून ते सुमारे १८ किलोमीटरवर जातं. खाडीचं मुख दिसत असेल तर उत्तम, कारण तिथे मासळी असते आणि तिच्यामागे डॉल्फिन. दुर्बीण ७×५० किंवा ८×४२ घ्या. १० पटींहून मोठं दाखवणारी दुर्बीण होडीत हलते, चित्र स्थिर राहत नाही. आधी नुसत्या डोळ्यांनी डावीकडून उजवीकडे सावकाश नजर फिरवा, मग दुर्बीण लावा. सुरय पक्षी एकाच जागी सूर मारत असतील किंवा रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) लागलेली असेल, तर तिथे जास्त वेळ थांबा.

किनाऱ्याजवळ दिसणारा डॉल्फिन बहुधा हम्पबॅक असतो. २५ मीटरपेक्षा, म्हणजे साधारण १४ वावांपेक्षा उथळ पाणी त्याला आवडतं. लांब चोच आधी बाहेर येते, मग पाठ. पाठीवर बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा आणि त्यावर छोटा पर दिसला की शंका उरत नाही. भुलगा म्हणजे पर नसलेला पॉरपॉइज, डॉल्फिनचा छोटा भाऊबंद. लांबी दीड मीटरच्या आसपास, चोच नाही, डोकं बोथट. पाण्याला धक्का न लावता काळसर पाठ वळते आणि गायब होते. एकटा-दुकटा असतो, होडीपासून लांब राहतो. फोटोत नुसती काळी रेघ येते, म्हणून बरेच जण तो पुसून टाकतात. पुसू नका.

घोटाळा मुशीशी (शार्कशी) होतो. तिचा पर पाणी कापत सरळ जातो आणि कधी कधी मागे शेपटीचं टोकही दिसतं. डॉल्फिनची पाठ मात्र चाकासारखी वर येऊन खाली जाते. कासवाचं डोकं आणि पाकट माशाचे पंखही फसवतात. अशा वेळी पुढच्या श्वासाची वाट पाहा.

देवमासा खोल पाण्यात जास्त, पण मालवण-देवगडच्या पट्ट्यातही दिसतो. ब्राइड्स देवमाशाचं कारंजं (श्वास सोडताना उडणारा फवारा) तीन-चार मीटरचं असतं, त्याच्या पाठोपाठ कोयत्यासारखा वाकलेला पर वर येतो. जवळून पाहिल्यास डोक्यावर तीन उभ्या कडा दिसतात. निळ्या देवमाशाचं कारंजं नऊ मीटरपर्यंत जातं. मग लांबलचक पाठ सरकत राहते आणि इवलासा पर अगदी शेवटी दिसतो. सन २०१५ मध्ये कुणकेश्वरजवळ निळे देवमासे दिसले होते.

सर्वात जास्त चुका मोजणीत होतात. डॉल्फिन मिनिटभर किंवा जास्तही पाण्याखाली असतो, त्यामुळे तोच प्राणी तीनदा मोजला जातो. किमान दहा मिनिटं पाहा आणि तीन आकडे लिहा: कमीत कमी, जास्तीत जास्त आणि तुम्हाला पटणारा. पिल्लं वेगळी मोजा.

वहीत तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, समुद्राची स्थिती, प्राण्यांची दिशा, जवळची जाळी आणि होड्या लिहा. ओळख पटली नाही तर ‘अज्ञात डॉल्फिन’ लिहा. खोट्या नावापेक्षा ते लाखमोलाचं. आणि दोन तास बसूनही काही दिसलं नाही, तर तेही वेळेसकट लिहा. दिसलेलंच लिहिलं तर प्राणी कमी झाले की पाहणारे, हे पुढे कळणारच नाही. फोटोसाठी शटर १/१००० सेकंद ठेवा आणि पराची बाजू अगदी काटकोनात घ्या. पराच्या मागच्या कडेवरच्या खाचांवरून एकेक डॉल्फिन ओळखता येतो.

होडी समोरून किंवा थेट मागून नेऊ नका. बाजूने, त्यांच्या चालीला समांतर ठेवा. ५० मीटरच्या आत जाऊ नका, पिल्लू असेल तर आणखी लांब राहा. पाठलाग सुरू झाला की ते जास्त वेळ बुडी मारतात आणि पर्यटकांना काहीच दिसत नाही, हे तांडेलाला (होडी चालवणाऱ्याला) आधीच सांगा. गियर न्यूट्रल ठेवा, पंधरा मिनिटांत निघा.

जिवंत प्राणी किनाऱ्याला लागला तर शेपटीला दोर बांधून ओढू नका. पोटावर सरळ ठेवा, दोन्ही बाजूंच्या वल्ह्यासारख्या परांखाली वाळूत खड्डे करा, अंगावर ओलं फडकं टाका, पण डोक्यावरचं श्वासरंध्र उघडं ठेवा आणि त्यात पाणी जाऊ देऊ नका. गर्दी हटवा आणि वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. मेलेला असला तरी कळवाच. हे प्राणी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, दात किंवा हाड घरी नेणं गुन्हा आहे. जाळ्यात अडकलेला प्राणी जाळं कापून सोडला, तर महाराष्ट्रात मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी सोडतानाचा व्हिडिओ आणि फोटो लागतात, म्हणून सुरी हातात घेण्याआधी दुसऱ्या खलाशाला मोबाइल सुरू करायला सांगा.